कारखान्यातली सुरक्षेची देखरेख आणि सहकामगारांमधले वाद: युनियनने काय करावे

ज्या सहकाऱ्याबरोबर आपण गेटवर उभे राहून घोषणा दिल्या, त्यानेच आपले नाव सेफ्टीच्या वहीत लिहून दिले असे कळल्यावर येणारा राग पगाराच्या वादापेक्षा जास्त काळ टिकतो. गोव्यातल्या वेर्णा, कुंडई, मडकई, पिसुर्ले, कुंकळ्ळी अशा औद्योगिक वसाहतींत कॅमेरे, गॅस मोजणारी उपकरणे, दारू ओळखणारी श्वासचाचणी, ‘निअर मिस’ची (थोडक्यात टळलेल्या अपघातांची) कार्डे आणि मोबाइलवरून पाठवायचे सेफ्टीचे फोटो जसजसे येत गेले, तसतसा हा राग युनियनच्या आत शिरला. काही जण म्हणतात की सुरक्षेच्या नावाखाली कामगारच कामगाराची चुगली करू लागला आहे. इतरांचे म्हणणे असे की उद्या कोणाचा हात प्रेसखाली गेला, तर हीच मंडळी ‘युनियन काय करत होती’ असे विचारतील. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच ‘समजुतीने घ्या’ एवढे सांगून हा वाद मिटत नाही.

हा लेख युनियनची कार्यकारिणी, सेफ्टी कमिटीवरचे कामगार प्रतिनिधी आणि खात्याखात्यांतले कार्यकर्ते यांच्यासाठी आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. टिपलेली माहिती पुढे कोणाच्या टेबलावर जाते आणि तिथे तिचे काय केले जाते, हे या वादांचे खरे मूळ असते. धोक्याची माहिती आणि शिस्तभंगाची कारवाई या दोन गोष्टी लेखी स्वरूपात वेगळ्या केल्या, की सहकाऱ्यांमधला अर्ध्याहून अधिक अविश्वास कमी होतो. त्या वेगळ्या कशा करायच्या, हेच पुढे क्रमाने मांडले आहे.

भांडण नेमके कशावरून आहे, ते आधी ठरवा

तक्रार कानावर आली की लगेच सर्वसाधारण सभा बोलावू नये. सभेत आवाज मोठा असलेल्यांचे ऐकले जाते, आणि ज्याच्यावर खरोखर परिणाम झाला आहे तो मागच्या रांगेत गप्प बसतो. त्याऐवजी कार्यकारिणीतल्या दोघांनी संबंधितांना शिफ्ट संपल्यावर एकेकट्याने भेटावे आणि प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारावेत: काय घडले, ते कोणी कोणाला सांगितले, आणि त्यानंतर तुमच्यावर काय परिणाम झाला. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे असते. मेमो मिळाला, ओव्हरटाइम बंद झाला, दुसऱ्या मशीनवर टाकले, की फक्त चारचौघांत अपमान झाला, यावर पुढचा मार्ग ठरतो.

या भेटींतून बहुधा तीनपैकी एक चित्र दिसते. काही ठिकाणी वाद यंत्रणेवरून असतो, म्हणजे कॅमेरा किंवा उपकरण कंपनीने बसवलेले असते आणि युनियनने त्याला मूक संमती दिली असा सभासदांचा समज असतो. काही ठिकाणी एका कामगाराने दुसऱ्याबद्दल दिलेल्या माहितीवरून वाद असतो. आणि काही ठिकाणी सुरक्षा हे केवळ निमित्त असते. सेफ्टी कमिटीवर कोणाचा माणूस बसला, कोणत्या युनियनचा बसला, हे खरे दुखणे असते. तिसऱ्या प्रकारात सुरक्षेवर कितीही चर्चा केली तरी उपयोग होत नाही. तिथे प्रतिनिधी निवडण्याची पद्धतच बदलावी लागते.

कायद्याचा आधार आधी वाचून घ्या

भोपाळच्या 1984 च्या दुर्घटनेनंतर कारखाने अधिनियम, 1948 मध्ये 1987 साली दुरुस्ती झाली. तिच्यामुळे धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापन यांचे समान प्रतिनिधी असलेली सेफ्टी कमिटी आली, आणि तात्काळ धोका दिसल्यास तो निदर्शनास आणून देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 हिने या जुन्या तरतुदींची जागा घेतली आहे. या संहितेची कलमे 13, 14 आणि 22 कार्यकारिणीच्या प्रत्येक सदस्याने स्वतः वाचावीत.

कलम 13 प्रमाणे असुरक्षित परिस्थिती लक्षात आल्यास ती शक्य तितक्या लवकर कळवणे हे कामगाराचे कर्तव्य आहे, आणि सुरक्षेसाठी बसवलेल्या साधनांशी जाणूनबुजून छेडछाड न करणे हेही कर्तव्यच आहे. त्यामुळे ‘धोका कळवणारा फितूर’ ही भाषा युनियनने अधिकृतपणे कधीही वापरू नये. मात्र हेही नीट पाहावे की कायद्याने कळवायला सांगितली आहे ती असुरक्षित परिस्थिती. सहकाऱ्यांच्या नावांची यादी तयार करून देणे हे कर्तव्य कामगारावर घातलेले नाही. कलम 14 नुसार सुरक्षेबाबतची माहिती मालकाकडून मागण्याचा हक्क कामगाराला आहे, आणि गंभीर इजेचा किंवा मृत्यूचा तात्काळ धोका असल्याची रास्त भीती वाटल्यास तो थेट किंवा सेफ्टी कमिटीच्या सदस्यामार्फत मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवू शकतो. कलम 22 प्रमाणे सेफ्टी कमिटीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत.

औद्योगिक संबंध संहिता, 2020 मधले कलम 40 देखील महत्त्वाचे आहे. सेवाशर्तींतल्या ठरावीक बदलांसाठी मालकाने 21 दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि या बदलांच्या अनुसूचीत शिस्तीचे नवे नियम आणणे किंवा आहेत ते बदलणे याचा समावेश आहे. सुरक्षेसाठी म्हणून बसवलेल्या कॅमेऱ्याच्या चित्रणावरून उद्या मेमो निघू लागले, तर तो शिस्तीच्या नियमांतला बदल आहे असे युनियन ठामपणे मांडू शकते. एरवी ‘आम्हाला कॅमेरा नको’ एवढीच भूमिका घेतली, तर तिला कायद्याचे पाठबळ फारसे मिळत नाही.

नाव लिहिण्याआधी कारण शोधा

या विषयाचा गाभा इथे आहे, म्हणून एक उदाहरण सविस्तर घेऊ. समजा, पॉवर प्रेसवर दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय स्ट्रोक येत नाही, अशी सोय आहे (स्ट्रोक म्हणजे प्रेसचा खाली येणारा ठोका). एका कामगाराने एक बटण टेप लावून कायमचे दाबून ठेवले आहे आणि एका हाताने माल सरकवत दुसऱ्या हाताने तो प्रेस चालवतो आहे. सेफ्टी कमिटीवरच्या कामगार प्रतिनिधीने हे पाहिले, वहीत लिहिले, आणि चार दिवसांनी त्या कामगाराच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. खात्यातल्या मंडळींनी त्या प्रतिनिधीबरोबर डबा खाणे बंद केले.

युनियनने इथे पहिला प्रश्न विचारावा तो असा: टेप का लावली गेली? बहुतेक वेळा उत्तर उत्पादनभत्त्यात सापडते. दोन्ही हात वापरून तासाला जेवढे नग निघतात, त्यापेक्षा जास्त नगांचे लक्ष्य ठरवलेले असते, आणि त्या लक्ष्यावर सही युनियननेच मागच्या करारात केलेली असते. हे मान्य करणे कार्यकर्त्यांना जड जाते, पण ते केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भत्ता मिळवायचा असेल तर संरक्षण निकामी करावे लागते, अशी व्यवस्था असेल तर टेप लावणारा एक कामगार पकडून काहीच साधत नाही. दुसऱ्या शिफ्टमध्ये दुसरा कोणी तीच टेप लावतो.

अशी कारणे इतरही असतात आणि ती त्या-त्या जागीच कळतात. पावसाळ्यात गोव्याच्या दमट हवेत सेफ्टी गॉगलच्या काचांवर वाफ धरते आणि समोरचे दिसेनासे होते, म्हणून गॉगल कपाळावर जातो. चतुर्थीच्या दिवसांत निम्मे खाते रजेवर असते आणि उरलेल्या माणसांना दोन मशीन सांभाळावी लागतात, म्हणून साफसफाई करताना मशीन बंद करून कुलूप लावण्याची पायरी गाळली जाते. हातमोजे चुकीच्या मापाचे येतात. इंटरलॉकचा, म्हणजे झाकण उघडे असताना मशीन चालू न देणाऱ्या सोयीचा, सेन्सर बिघडून मशीन सतत थांबते आणि मेंटेनन्सकडे तक्रार महिनाभर पडून असते. या प्रत्येक बाबतीत नोंद अशी लिहिता येते की तिच्यातून दुरुस्ती घडेल: ‘प्रेस क्रमांक अमुक, दोन हातांचे नियंत्रण निकामी केलेले आढळले, ताशी लक्ष्य आणि सुरक्षित वेग यांचा मेळ नाही, लक्ष्याची फेरतपासणी आवश्यक.’ या नोंदीत नाव नाही, तरी तिने काम होते. उलट नाव घातले की व्यवस्थापनाला लक्ष्याकडे पाहण्याची गरजच उरत नाही.

तरीही एक मर्यादा सांगितली पाहिजे. ज्या क्षणी कोणाचा जीव किंवा अवयव जाऊ शकतो, त्या क्षणी प्रतिनिधीने मशीन थांबवायला सांगावे. समोरच्याने ऐकले नाही तर सुपरवायझरला लगेच कळवावे. नाव समजेल म्हणून त्या वेळी गप्प राहणे ही एकजूट नव्हे, आणि युनियनने आपल्या ठरावात हे स्पष्ट लिहावे.

प्रतिनिधी कसा निवडावा आणि त्याने कसे वागावे

सेफ्टी कमिटीवरचा कामगार प्रतिनिधी व्यवस्थापनाने सुचवलेला असेल, तर त्याने कितीही प्रामाणिकपणे काम केले तरी त्याच्याकडे मॅनेजमेंटचा माणूस म्हणूनच पाहिले जाते. म्हणून त्याची निवड खात्यांतल्या कामगारांनी करावी, मुदत ठरलेली असावी, आणि शिफ्टचे तसेच महिला कामगारांचे प्रतिनिधित्व पाहावे. एकाहून अधिक युनियन असलेल्या कारखान्यात 51 टक्के सभासद असलेल्या युनियनला वाटाघाटीचा अधिकार मिळतो; पण सेफ्टी कमिटीच्या सर्व जागा तिनेच घ्याव्यात असा आग्रह धरू नये, असे मला वाटते. अपघात सभासदत्वाची पावती पाहून होत नाही, आणि कमिटीबाहेर ठेवलेली युनियन प्रत्येक नोंदीकडे संशयाने पाहते.

प्रतिनिधीच्या वागण्याचा क्रम सभासदांना आधीच माहीत असावा. तो प्रथम त्या कामगाराशी बोलेल, शक्यतो इतरांच्या कानांपासून दूर. मग कारण समजून घेईल. त्यानंतर धोक्याची नोंद करील आणि ती कमिटीत जाण्यापूर्वी त्या खात्यातल्या कामगारांना वाचून दाखवेल. आपल्याबद्दल काय लिहिले आहे हे आपल्याला शेवटी कळते, ही भावना सर्वांत जास्त दुखावते. नोंद आधी वाचून दाखवल्याने ती बरीच शमते. फोटो काढायचा झाल्यास तो मशीनचा किंवा जागेचा काढावा, चेहरा येऊ देऊ नये, आणि कोणत्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो टाकू नये. सुपरवायझर असलेल्या ग्रुपवर टाकलेला एक फोटो अनेक महिन्यांचा विश्वास घालवतो.

दोन सभासद एकमेकांविरुद्ध उभे राहिल्यास

कारवाई सुरू झालीच, तर नोंद करणारा आणि कारवाई झालेला, दोघेही सभासद असतात. अशा वेळी एकाच पदाधिकाऱ्याने दोघांची बाजू घेऊ नये. प्रत्येकासाठी वेगळा कार्यकर्ता नेमावा, त्यांनी आपापल्या माणसाचे म्हणणे लिहून घ्यावे, आणि अध्यक्ष किंवा सरचिटणीस यांनी दोन्हींपासून अंतर ठेवावे. कारवाई झालेल्याला बचावासाठी युनियनची पूर्ण मदत मिळावी. त्याचे कृत्य बरोबर होते असे म्हणण्याची मात्र आवश्यकता नाही. ‘त्याने केले ते धोकादायक होते, पण त्याला तसे करायला लावणारी परिस्थिती कंपनीने निर्माण केली आणि म्हणून एकट्यावर शिक्षा अन्याय्य आहे’, हा बचाव खराही असतो आणि टिकतोही.

नोंद करणाऱ्याला खातेचौकशीत साक्षीदार म्हणून बोलावले गेले, तर त्याला खोटे बोलायला सांगू नये. त्याने जे पाहिले ते सांगावे, आणि जे पाहिले नाही त्याबद्दल अंदाज करू नये. लक्ष्य, माणसांची कमतरता, पडून राहिलेल्या तक्रारी यांबद्दलही तो बोलू शकतो. त्याच्यावर टाकलेल्या बहिष्काराबद्दल कार्यकारिणीने खात्यात जाऊन स्पष्ट बोलावे. कुजबुज आपोआप विरेल अशी वाट पाहू नये.

नंतर दोघांना समोरासमोर बसवायचे असेल, तर ते कारवाईचा निकाल लागल्यावर आणि दोघांची तयारी असेल तरच. बैठकीची जागा कंपनीच्या आवाराबाहेरची असावी. ज्याला जास्त सोसावे लागले त्याला आधी बोलू द्यावे. माफी मागायला लावू नये. यापुढे असे काही दिसले तर एकमेकांशी कसे बोलायचे, एवढे ठरले तरी बैठक यशस्वी समजावी.

उपकरणे, चाचण्या आणि कॅमेरे

सर्व देखरेख एकाच मापाने मोजू नये. हवेतला वायू, आवाज किंवा धूळ मोजणारी साधने मुख्यतः कामगाराच्या बाजूची असतात, आणि युनियनने ती स्वतःहून मागितली पाहिजेत. मासळी प्रक्रिया आणि बर्फाच्या कारखान्यांत अमोनिया असतो. त्याची आठ तासांची सरासरी मर्यादा 25 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) आणि अल्पकाळाची 35 पीपीएम आहे. आवाजाची मर्यादा आठ तासांसाठी 90 डेसिबल आहे, 95 डेसिबलला ती चार तासांवर येते, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. बंदिस्त टाकीत उतरण्यापूर्वी प्राणवायू साधारणतः 19.5 ते 23.5 टक्के यांच्या दरम्यान आहे याची खात्री केली जाते. या मोजमापांचे आकडे खात्याच्या फलकावर, कामगारांना समजणाऱ्या भाषांत लावले जावेत, अशी मागणी करावी. आकडे फाइलमध्ये राहिले की उपकरण कोणासाठी आहे याबद्दल शंका येणारच.

श्वासचाचणीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. खाणीतला टिपर, फोर्कलिफ्ट किंवा क्रेन चालवणाऱ्याची चाचणी योग्य आहे, कारण चूक झाल्यास दुसऱ्याचा जीव जातो. पण चाचणी सर्वांची किंवा चिठ्ठी काढून व्हावी, सुपरवायझरच्या मर्जीने होऊ नये. माउथवॉशसारख्या पदार्थांमुळे तोंडात अल्कोहोलचा अंश राहून पहिला आकडा चुकीचा येऊ शकतो, म्हणून किमान पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी घेण्याची अट असावी. ज्याला व्यसन आहे त्याला पहिल्या वेळी उपचाराची संधी मिळावी.

कॅमेऱ्याबाबत युनियनने चार गोष्टी विचाराव्यात: तो कोणत्या धोक्यासाठी आहे, चित्रण कोण पाहतो, किती दिवस ठेवले जाते, आणि कशासाठी वापरायचे नाही. बॉयलर, अमोनियाचा प्लँट किंवा फोर्कलिफ्टची वाट यांवरच्या कॅमेऱ्याला विरोध करण्याचे कारण नाही. कपडे बदलण्याची खोली, शौचालय आणि युनियनची खोली यांच्या आसपास मात्र तो नको. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1997 मध्ये कामगारांच्या वैयक्तिक माहितीबद्दल आचारसंहिता प्रसिद्ध केली. देखरेख करायची असल्यास तिची कारणे, वेळा, पद्धती आणि गोळा होणारी माहिती कामगारांना आधी सांगावी, असे ती म्हणते. ती कायद्यासारखी बंधनकारक नाही, पण वाटाघाटीच्या टेबलावर ठेवायला ती चांगली आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा 24 ऑगस्ट 2017 चा निकालही कार्यकर्त्यांना माहीत असावा.

व्यवस्थापनाशी लेखी समझोता

वरचे सगळे युनियनच्या ठरावात राहिले तर व्यवस्थापनावर बंधन येत नाही, म्हणून द्विपक्षीय समझोता करावा. पुढची वेतनाची वाटाघाट होईपर्यंत थांबू नये. वेतनाच्या मसुद्यात सुरक्षेची कलमे शेवटच्या रात्री सोडून दिली जातात. समझोत्याचा मुख्य मुद्दा असा: सेफ्टी कमिटीच्या नोंदी, निअर मिसची कार्डे आणि सुरक्षेसाठीचे चित्रण हे शिस्तभंगाच्या कारवाईचा आधार होणार नाहीत. अपवाद मोजकेच आणि नेमके लिहिलेले असावेत, उदाहरणार्थ सांगूनही पुन्हा जाणूनबुजून संरक्षण निकामी करणे, नशेत वाहन चालवणे किंवा मारहाण. अपवाद मुळीच नको असा हट्ट धरल्यास व्यवस्थापन सही करणार नाही, आणि खरे सांगायचे तर मारहाण झालेला सभासदही तसा समझोता मागणार नाही.

नोंदीवर किती दिवसांत दुरुस्ती व्हावी आणि न झाल्यास ती कोणाकडे जाईल, हेही लिहून घ्यावे. उत्पादनाचे लक्ष्य सुरक्षित कार्यपद्धती पाळून मोजले जाईल, हे वाक्य समझोत्यात आले पाहिजे. सुरक्षेचे बक्षीस ‘शून्य अपघात’ यावर देण्याची पद्धत मात्र नाकारावी, कारण त्यामुळे जखमी झालेल्यावर अपघात लपवण्यासाठी त्याचेच सोबती दबाव आणतात. बक्षीस द्यायचेच असेल तर दुरुस्त झालेल्या धोक्यांवर द्यावे.

कंत्राटी कामगारांचा विचार या समझोत्यात आवर्जून करावा. सर्वांत धोकादायक कामे बहुधा त्यांच्याकडे असतात, आणि नाव वहीत आले तर दुसऱ्या दिवशी गेटपास बंद होईल या भीतीने ते काहीच सांगत नाहीत. कायम कामगारांची युनियन त्यांच्यासाठी बोलली नाही, तर दोघांमधला तणाव वाढतो आणि धोका दोघांनाही राहतो. त्यांच्या तक्रारी नावाशिवाय घेण्याची सोय करावी, आणि सूचना मराठी व कोकणीबरोबर हिंदी आणि कन्नडमध्येही असाव्यात.

बाहेर कधी जावे

आतले मार्ग वापरूनही धोका तसाच राहिला, तर पणजीत आल्तिनो इथल्या इन्स्पेक्टोरेट ऑफ फॅक्टरीज अँड बॉयलर्सकडे लेखी निवेदन द्यावे. शिस्तभंगाचा, नोटिशीचा किंवा समझोत्याचा वाद मात्र कामगार आयुक्तालयाचा विषय आहे. खाणींसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाची यंत्रणा वेगळी आहे, आणि बंदरातल्या कामगारांच्या सुरक्षेसाठीही स्वतंत्र निरीक्षण यंत्रणा आहे, तेव्हा मुरगाव बंदरातल्या किंवा डिचोलीच्या खाणीतल्या युनियनने चुकीच्या दारात वेळ घालवू नये.

निवेदनात जागा, मशीन, तारीख, धोक्याचे स्वरूप, आधी केलेल्या नोंदींचे क्रमांक आणि मागितलेली दुरुस्ती एवढेच लिहावे. सहकाऱ्याचे नाव घालू नये. जुन्या कारखाने अधिनियमाच्या कलम 118-अ प्रमाणे तक्रारीचा स्रोत गुप्त ठेवणे निरीक्षकावर बंधनकारक होते. ती परंपरा लक्षात ठेवून, माहिती देणाऱ्याचे नाव उघड करू नये अशी विनंती निवेदनात आजही लिहावी. निवेदन युनियनच्या लेटरहेडवर, दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्यांनी द्यावे, पोच घ्यावी, आणि तिची प्रत त्या खात्यातल्या कामगारांना त्याच दिवशी दाखवावी.